ओहायोची नवी नंबरप्लेट आणि राइट बंधूंचे विमान

कोलंबसहून:

सप्रेम नमस्कार मंडळी,
२१ ऑक्टोबर २०२१ रोजी गव्हर्नर माइक डीवाइन यांनी आपल्या राज्याच्या नव्या नंबरप्लेटचे अनावरण केले. उगवता सूर्य, शहरातल्या उंच इमारती, गव्हाचे शेत, झाडाच्या झोक्यावरचे मूल आणि आकाशात राइट बंधूंचे विमान, असे हे प्रसन्न चित्र आहे. विमानामागे फडकायचा फलक चुकून त्याच्या पुढच्या टोकाला जोडला गेला, यावरून मोठी टीका झाली. चूक त्याच दिवशी सुधारली असताना एवढा गहजब कशासाठी?

डेटनहून:

दादा, सप्रेम नमस्कार.
आपल्या मताचा आदर राखून थोडे सविस्तर लिहितो. आजच्या विमानात जे छोटे आडवे पंख शेपटीकडे असतात ते राइट बंधूंनी पुढे बसवले होते, आणि इंजिनाला साखळ्यांनी जोडलेले दोन्ही पंखे मुख्य पंखांच्या मागे ठेवले होते. त्यामुळे आजची विमाने पाहण्याची सवय असलेल्या माणसाला पुढची बाजूच शेपूट वाटते. पण ही रचना त्यांनी विचारपूर्वक केली होती. १८९६ मध्ये जर्मन उड्डाणवीर ऑटो लिलिएन्थाल ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) कोसळून मरण पावले हे त्यांना ठाऊक होते, आणि सुकाणूचे काम करणारे हे आडवे पंख पुढे असतील तर तशा पडण्यातून बचाव होईल, असा त्यांचा हिशेब होता.

१७ डिसेंबर १९०३ चे राइट बंधूंचे पहिले उड्डाण किटी हॉकजवळ झाले, म्हणून नॉर्थ कॅरोलिनाच्या प्लेटवर ‘फर्स्ट इन फ्लाइट’ असते, आणि ते योग्यच आहे. आपण स्वतःला विमानविद्येची जन्मभूमी म्हणवतो ते विमान डेटनमध्ये घडले म्हणून, आणि पुढे इथल्याच हफमन प्रेरीच्या कुरणावर त्यांनी ते वळवायला आणि हवेत टिकवायला शिकून घेतले म्हणून. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर यांनी तिथे ३९ मिनिटांत सुमारे २४ मैल उड्डाण केले. ज्या राज्याचा दावाच विमानाच्या घडणीवर उभा आहे, त्याने ती घडण उलटी दाखवावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. सुमारे ३५,००० प्लेट्स तयार होईपर्यंत कुणाच्याही लक्षात येऊ नये, हे तर फारच खटकते. १९०५ चे मूळ विमान इथल्या कॅरिलॉन पार्कमध्ये आहे. चित्र तिथल्या जाणकारांना एकदा दाखवले असते तरी पुरे होते.

क्लीव्हलँडहून:

नमस्कार,
विमान सुधारले हे उत्तमच, पण मला चित्रातल्या गर्दीची काळजी वाटते. बारा इंच बाय सहा इंचांच्या पत्र्यावर सूर्य, शेत, नदी, मूल आणि कुत्रा इतके सगळे असताना संध्याकाळच्या उजेडात क्रमांक नीट वाचता येईल का? १ जुलै २०२० पासून आपल्याकडे पुढची प्लेट लावण्याची सक्ती राहिलेली नाही. म्हणजे अपघातानंतर पळून जाणारी गाडी ओळखायला मागची एकच प्लेट उरते.

डेटनहून:

ताई, आपला मुद्दा माझ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तो बीएमव्हीला (वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला) लेखी कळवायला हवा. आपण मसुदा केलात तर मी सही करीन. नव्या प्लेट्स २९ डिसेंबर २०२१ पासून मिळू लागल्या आणि जुन्या चालूच राहिल्या, त्यामुळे कुणालाही घाईने बदलण्याचे कारण नाही. मी मात्र दुरुस्त विमानाची प्लेट घेणार आहे.