इलेक्टोरल कॉलेज: घटनाकारांची दूरदृष्टी की गुलाममालकांची सोय?

भरदुपार:
अमेरिकेच्या घटनाकारांनी झुंडशाहीला लगाम म्हणून इलेक्टोरल कॉलेज (म्हणजे अध्यक्ष थेट लोकांनी नाही तर राज्याराज्यांतल्या प्रतिनिधींनी, इलेक्टरांनी निवडायचा ही पद्धत) आणलं, केवढी ती दूरदृष्टी, असं दर निवडणुकीला कुणीतरी लिहितंच. मला अजिबात पटत नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड घटना लिहायला बसले तेव्हा पेनसिल्वेनियाचा प्रतिनिधी जेम्स विल्सन सरळ म्हणत होता की अध्यक्ष लोकांनीच निवडावा. त्यावर १९ जुलैला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन काय बोलला ते त्याच्या स्वतःच्याच नोंदीत आहे, की थेट लोकांनी निवडणं तसं सगळ्यात बरं, पण उत्तरेत मतदार जास्त, दक्षिणेतल्या काळ्या लोकांना मत नाही, मग दक्षिणेचं वजनच राहणार नाही, इलेक्टर नेमले की ही अडचण सुटते. म्हणजे बघा, गुलामांना मत द्यायचं नाही पण पाच गुलाम बरोबर तीन माणसं असा हिशोब लावून संसदेतल्या जागा वाढवून घ्यायच्या आणि इलेक्टरची संख्या त्याच जागांवर ठरवायची. झालं काम.

एडिसनकर:
अर्धंच सांगताय राव. दोनच दिवस आधी व्हर्जिनियाचाच दुसरा प्रतिनिधी जॉर्ज मेसन म्हणाला होता की लोकांना अध्यक्ष निवडायला सांगणं म्हणजे आंधळ्याला रंग ओळखायला लावणं. उद्धट वाटतं, पण तेव्हा ना देशभराचे पक्ष ना पेपर, जॉर्जियातल्या शेतकऱ्याला न्यू हॅम्पशायरचा माणूस कसा आहे ते कळणार कुठून? आणि थेट निवडणुकीला १७ तारखेला एकट्या पेनसिल्वेनियाने हो म्हटलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर तोवर गुलामगिरी कोर्टानेच संपवली होती, ते पण विरोधात. ते कुणाची सोय बघत होते?? मुळात बराच काळ काँग्रेसनेच (म्हणजे तिथल्या संसदेनेच) अध्यक्ष निवडायचा असं चाललं होतं, पण मग तो काँग्रेसच्या मुठीत राहील म्हणून सप्टेंबरात कमिटीने हा तोडगा काढला. दमलेल्या लोकांची तडजोड होती ती, कारस्थान नाही.

ठसका:
तडजोड कुणाच्या जिवावर ते पण लिहा की. ज्यांच्या जिवावर केली ते खोलीत नव्हते.

जुना_मास्तर:
त्या तीन पंचमांशाबद्दल लोक नेहमी उलटं समजतात म्हणून लिहितो. दक्षिणेला गुलाम पूर्ण मोजायला हवे होते आणि उत्तरेतल्या बऱ्याच जणांना अजिबात नको होते, कारण जितके जास्त मोजले तितकी मालकांची ताकद जास्त. आता १७९० च्या जनगणनेचा आकडा बघा. व्हर्जिनियात मुक्त लोक साडेचार लाखांच्या आसपास, पेनसिल्वेनियात सव्वाचार लाखांच्या थोडे वर. जवळजवळ सारखेच. पण त्या जनगणनेनंतर व्हर्जिनियाला इलेक्टर २१ आणि पेनसिल्वेनियाला १५! व्हर्जिनियाकडे वर जवळपास तीन लाख गुलाम होते ना. पहिल्या ३६ वर्षांत ३२ वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचाच होता हे काय उगाच?

एडिसनकर:
मास्तर, आकडे मान्य. पण वॉशिंग्टन दोन्ही वेळा एकमताने आला, त्याला कुठल्या पंचमांशाची गरज नव्हती, ती आठ वर्षं तरी वजा करा. आणि तडजोड नसती तर काय? साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया उठून गेले असते. या घटनेआधीच्या जुन्या व्यवस्थेत केंद्राला कर लावायचाही अधिकार नव्हता, मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नावाने ओळखलं जाणारं बंड केलं तेव्हा केंद्राकडे फौजेला पैसे नव्हते, तिथल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. राज्यांचा संघच मोडला असता तर दक्षिणेतली गुलामगिरी काय आपोआप गेली असती?

ठसका:
संघ टिकला आणि गुलामगिरी पण टिकली की, आणखी पाऊणशे वर्षं. १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करायची नाही आणि पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, हेही त्याच घटनेत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली ती गुलामगिरी मोडल्याबद्दल, १७८७ च्या मंडळींना नाही.

जुना_मास्तर:
हे बरोबर, पण मोडणाऱ्यांचंही या घटनेबद्दल एकमत नव्हतं हां. गुलामगिरीविरोधी पत्रकार गॅरिसनने १८५४ मध्ये भर सभेत तिची प्रत जाळली, आणि स्वतः गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस मात्र पुढे म्हणायला लागला की हीच घटना गुलामगिरीविरुद्ध वापरता येते. मला डग्लस जास्त पटतो, पण इलेक्टोरल कॉलेजपुरता मी भरदुपारच्या बाजूने.

भरदुपार:
थँक्स मास्तर. एडिसनकर, समजा तेव्हा इलाज नव्हता, पण आता? १९६९ मध्ये हाउसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, ३३८ विरुद्ध ७० मतांनी हे रद्द करायची घटनादुरुस्ती पास केली होती, आणि पुढच्या वर्षी वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, भाषणं लांबवून ती मारली. पुढाकार कुणाचा, तर दक्षिणेतल्या सिनेटरांचा.

एडिसनकर:
त्यांना छोट्या राज्यांच्या सिनेटरांचीही साथ होती, ते सोयीस्कर गाळलंत. वायोमिंगसारखं छोटं राज्य लोकसंख्येच्या मानाने जास्त वजन देणारी आपली तीन इलेक्टर मतं स्वतःहून सोडेल कशाला? आणि दुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यं लागतात, ती कुठून आणणार ते सांगा आधी.