जुन्या इंग्रजीतला ‘कॉर्न’ म्हणजे मका नाही काय?

दिग्रसचा वाचक
नमस्कार मंडळी. पोरगी बी.ए.ले हाय, इंग्रजी वाङ्मय घेतलं तिनं, अन् जुनी भाषा कळावी म्हणून १६११ चं किंग जेम्स बायबल वाचून राहिली. मॅथ्यूच्या १२ व्या अध्यायात येशूचे शिष्य भूक लागली म्हणून ‘कॉर्न’च्या वावरातून जाता जाता कणसं तोडून खातात असं हाय. पण मका तर अमेरिकेतला, कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला त्याच्यानंतर बाकी जगाले माहीत झाला, मग येशूच्या काळात तिथं मका आला कुठून? अन् दुसरं म्हणजे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाले झाडं अन् बिया देते अन् म्हणते का हे तुमचं ‘मीट’. झाडाले मटण काहून म्हणतील? मले अन् तिले दोघायलेही समजून नाही राहिलं, परीक्षा जवळ हाय, कोणी नीट सांगा.

खामगाववाला
भाऊ, पोरीची शंका बरोबर हाय, तिथं मका नव्हताच. ‘कॉर्न’ म्हणजे मुळात दाणा, कोणताही. इंग्लंडमध्ये नुसतं कॉर्न म्हटलं का गहू, स्कॉटलंडमध्ये ओट. ज्या भागात जे मुख्य पीक त्याले ते नाव. १८१५ ते १८४६ तिथं ‘कॉर्न लॉज’ नावाचे कायदे होते, ते बाहेरून येणाऱ्या गव्हावर अन् बाकी धान्यावर होते, मक्यापुरते नाही. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याले ‘इंडियन कॉर्न’ म्हटलं, मग पुढचा इंडियन गळला अन् कॉर्न उरला. आपल्याकडं पाकिटावर छापून आला तो हा अमेरिकेचा अर्थ. जुना अर्थ पाहायचा तर ‘पेपरकॉर्न’ पाहा, मिऱ्याचा दाणा. तिथं मक्याचा काय संबंध?
अन् तोच प्रसंग लूकच्या ६ व्या अध्यायात पाहाजा, तिथं ते कणसं हातावर चोळून खातात असं स्पष्ट हाय. म्हणजे आपण गव्हाच्या ओंब्या चोळून खातो तसंच.

गोंदियाकडची
आमच्याकडे तर हे रोजचंच आहे. गोंदिया-भंडाऱ्यात धान म्हटलं की फक्त भाताचं पीक, दुसरं काही कोणाच्या मनातही येत नाही, पण संस्कृतात धान्य म्हणजे सगळंच धान्य. मुख्य पीक सगळ्यांचं नाव घेऊन बसतं.
‘मीट’चं पण असंच, जुना अर्थ नुसतं अन्न, खायची वस्तू. म्हणूनच मिठाईला इंग्रजीत ‘स्वीटमीट’ म्हणतात, त्यात मांस कुठं असतं? त्याच बायबलात लेवीय २ मध्ये ‘मीट ऑफरिंग’ आहे, ते वाचायला सांगा मुलीला, मैदा, तेल अन् धूप, बस. मांसाचा तुकडा नाही. नवीन भाषांतरांत तिथं ‘ग्रेन ऑफरिंग’ करून टाकलं कारण लोक गोंधळायचे.

अकोला निवृत्त मास्तर
एक गोष्ट परीक्षेसाठी पक्की करून ठेवा, १६११ ची भाषा ही ‘ओल्ड इंग्लिश’ नव्हे, तिला अर्ली मॉडर्न म्हणतात. ओल्ड इंग्लिश साधारण ११५० पर्यंतची, ती आजच्या इंग्रजालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. पेपरात हे दोन्ही एक केले तर मार्क जातील.
ओल्ड इंग्लिशमधला माझा आवडता शब्द ‘डेओर’, म्हणजे कोणतंही जनावर, त्याचाच पुढे ‘डिअर’ झाला अन् हरणापुरता उरला. जर्मन भाषेत ‘टीअर’ म्हणजे अजूनही जनावरच. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये उंदीर-घुशींना ‘स्मॉल डिअर’ म्हटलंय, म्हणजे तोवर जुना अर्थ पुरता मेला नव्हता. आपल्या मृग शब्दाचं हुबेहूब हेच झालं, संस्कृतात आधी कोणतंही वनातलं जनावर, मग हरीण. सिंहाला मृगेंद्र म्हणतो तो काही हरणांचा राजा म्हणून नव्हे, अन् मृगया म्हणजे नुसती हरणाची शिकार नव्हे. मला तर हे दोन शब्द शेजारी ठेवून वर्गात शिकवताना फार आनंद व्हायचा. जुना अर्थ असा जोडशब्दात लपून राहतो, मुलीला तिथं शोधायची सवय लावा.

दिग्रसचा वाचक
मास्तर, खामगाववाले भाऊ, ताई, लय आभार, पोरगी बाजूलेच बसून वाचून राहिली. ती विचारते का मग ‘अ‍ॅनिमल हजबंडरी’तला हजबंड कोण? जनावराच्या दवाखान्याच्या पाटीवर हाय ना ते.

अकोला निवृत्त मास्तर
शाब्बास, अगदी योग्य प्रश्न. ‘हजबंड’ नॉर्स लोकांकडून आला, ‘हूस’ म्हणजे घर अन् ‘बोंडी’ म्हणजे वस्ती करून जमीन कसणारा. आधी घरधनी, मग शेतकरी असाही अर्थ, नवरा हा त्यातलाच एक. इंग्रजीत शेतकऱ्याला ‘हजबंडमन’ म्हणत, अन् हजबंडरी म्हणजे शेती, घरदार, गुरंढोरं सांभाळणं. पाटीवर तोच अर्थ टिकलाय. कॉलेजच्या लायब्ररीत मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी असेल तर तिथं पाहायला सांगा, १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागाने निघाली ती, प्रत्येक शब्दाचा जुना अर्थ आधी अन् कोणत्या साली कोणी कसा वापरला ते वाक्यासकट दिलेलं असतं. खिशातली डिक्शनरी फक्त आजचा अर्थ देते, ती या पेपरला कामाची नाही.