प्रतिसाद: बातम्या कानांसाठी लिहिलेल्या असतात

रेडिओवरच्या बातम्या म्हणजे नुसतं कागद बघून वाचणं, हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. कानाला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून वाक्य आखूड, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ठळक बातम्या शेवटी पुन्हा. पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या चोडण बेटाची फेरीबोट बंद असल्याची बातमी आली की नीट ऐकू यावी म्हणून आई फोडणीचा गॅस बारीक करते. दिल्लीच्या बातमीला नाही करत. जवळिकीचं मोल हेच. त्यात फेरीबोटीच्या इंजिनाची घरघर दोन सेकंद जरी ऐकवली, तरी बोटीचा धक्का डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि आवाजाची ताकद गोव्याला कुणी सांगायला नको. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ पोर्तुगीज राजवटीविरुद्ध गुप्त रेडिओ चालवला तो केवळ आवाजाच्या भरवशावर!