वर्डच्या उभ्या पानात १४ रकान्यांचं एक्सेल टेबल आडवं कसं बसवायचं?

रकानेच_रकाने: वर्डमधला अहवाल ए४, उभा, चारी समास २.५४ सेंमी. त्यात एक्सेलमधलं १४ रकाने आणि शीर्षकासह ४१ ओळींचं टेबल हवं आहे. साधं पेस्ट केलं की उजवीकडचे रकाने पानाबाहेर जातात. म्हणून पेस्ट स्पेशलमधून वर्कशीट ऑब्जेक्ट (वर्डमध्ये बसवलेली एक्सेल शीट) म्हणून टाकलं, पण ते फिरवायला वरचं गोल हँडलच येत नाही. आकडे दर महिन्याला बदलतात, तेही इथे आपोआप बदलले तर उत्तम.

सेक्शनब्रेक: हँडल येणारच नाही, वर्डमध्ये वर्कशीट ऑब्जेक्ट फिरत नाही. शिवाय ते एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहत नाही, खाली उरलेला भाग सरळ कापला जातो. आणि त्याच्या पोटात सगळं वर्कबुक जातं, बाकीच्या शीट्ससकट. डबल क्लिक केलं की वाचणाऱ्याला सगळं उघडं. अहवाल बाहेर जाणार असेल तर हे आधी काढा.

टेबल फिरवू नका, पान फिरवा. साधं टेबल पेस्ट करा, वरच्या मथळ्यासकट निवडा, पेज सेटअपमध्ये लँडस्केप आणि खाली ‘अप्लाय टू’मध्ये ‘सिलेक्टेड टेक्स्ट’. मागचे-पुढचे दोन्ही सेक्शन ब्रेक, म्हणजे पानाची मांडणी जिथे बदलते त्या खुणा, वर्ड स्वतः घालतं. मग टेबलच्या लेआउट टॅबमध्ये ऑटोफिट विंडो, म्हणजे टेबल समासांमधल्या रुंदीत बसतं. उभ्या पानात मजकुराला १५.९२ सेंमी रुंदी मिळते, आडव्यात २४.६२. म्हणजे रकान्यामागे १.१४च्या जागी १.७६ सेंमी. ४१ ओळी दुसऱ्या पानावर जातील, तेव्हा पहिल्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ लावा.

हेडर-फूटरमध्ये हात घालण्याआधी आडव्या सेक्शनचं आणि त्याच्या पुढच्या सेक्शनचंही ‘लिंक टू प्रीव्हियस’ (आधीच्या सेक्शनचंच हेडर-फूटर वापरणं) बंद करा. बहुतेक जण दुसरं विसरतात, आणि हेडरमध्ये आडव्या पानासाठी सरकवलेला टॅब स्टॉप पुढच्या सगळ्या उभ्या पानांवर समासाबाहेर जातो.

उभंच_बरं: पान उभंच ठेवायचं असेल तर चित्र हा एकच सरळ मार्ग. पेस्ट स्पेशल, एनहान्स्ड मेटाफाइल (मोठं केलं तरी न फुटणारं चित्र). स्क्रीनशॉट नको, छापताना अक्षरं फुटतात. साइझमध्ये रोटेशन २७० द्या, म्हणजे टेबलचा माथा डाव्या बाजूला, बांधणीकडे येतो. ९० दिलं तर अहवाल उलट्या बाजूने धरावा लागतो.

पेस्ट करतानाच वर्ड चित्र उभ्या पानाच्या रुंदीत दाबून बसवतं, म्हणून फिरवल्यावर ते लहान दिसतं. साइझमध्ये मोठं करा, पण तिथली ‘विड्थ’ म्हणजे न फिरवलेल्या चित्राची रुंदी, हे लक्षात ठेवा. आता हिशोब: एक्सेलची ओळ १५ पॉइंटची, ४१ ओळी म्हणजे ६१५ पॉइंट, जवळपास २१.७ सेंमी. त्या १५.९२मध्ये बसवायच्या तर ७३ टक्के, म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटचं. मथळ्याची जागा धरली तर आणखी बारीक. त्यापेक्षा दोन चित्रं करा. आकडे मात्र आपोआप बदलणार नाहीत, दर महिन्याला नव्याने पेस्ट.

सेलमार्जिन: फिरवण्याआधी टेबल कशामुळे रुंद झालंय ते बघा. बऱ्याचदा आकडे चार-पाच अंकी असतात आणि जागा खातात लांबलचक शीर्षकं. शीर्षकाची ओळ निवडून ‘टेक्स्ट डिरेक्शन’वर दोनदा क्लिक करा, अक्षरं खालून वर जातात. या ओळीची उंची आपोआप वाढत नाही, ती ‘एक्झॅक्टली’ २.५ सेंमी वगैरे द्या, नाहीतर शब्द मध्येच तुटतात. सेलचे डावे-उजवे समास ०.१९वरून ०.०५ सेंमीवर आणा. पहिल्या रकान्याला ३ सेंमी दिले तरी बाकीच्या तेरांना प्रत्येकी जवळपास १ सेंमी उरतो. ९ पॉइंटमध्ये पाच अंक त्यात मावतात. पान उभंच, टेबलही खरं, चित्र नाही.

रकानेच_रकाने: आकडे पाच अंकीच आहेत, त्यामुळे हे चालेल. पण आकडे आपोआप बदलायला एक्सेलशी लिंक कशी करायची?

सेक्शनब्रेक: एक्सेलमध्ये टेबल निवडून डावीकडच्या नेम बॉक्समध्ये नाव द्या, मधे जागा न सोडता. कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट स्पेशल, पेस्ट लिंक, फॉर्मॅटेड टेक्स्ट. ऑल्ट एफ९ दाबलं की लिंकचा कोड दिसतो. त्यात शीटचं नाव आणि आर१सी१ ते आर४१सी१४ (आर म्हणजे ओळ, सी म्हणजे रकाना) असा पत्ता असतो, तो पुसून तुमचं नाव टाका. परत ऑल्ट एफ९, मग टेबलवर एफ९. आता मध्ये ओळ घातली तरी ती येते. शेवटच्या ओळीखाली घातलेली मात्र येत नाही, ती शेवटच्या ओळीच्या वर घाला.

रकान्यांची रुंदी एक्सेलमध्येच ठरवा. अपडेट झालं की वर्डमध्ये ओढूनताणून केलेली सजावट पुसली जाऊ शकते, वरची उभी शीर्षकंही त्यातच आली, तेव्हा ती शेवटी करा. फाइल दुसऱ्याला देताना प्रतीमध्ये टेबल निवडून कंट्रोल शिफ्ट एफ९ दाबा. लिंक तुटते, टेबल राहतं.