भांडं, उपकरण की हत्यार? आयातीच्या यादीतले स्वयंपाकघराचे शब्द

चिपळूणहून विचारणा

आमचं भांड्यांचं दुकान आहे. यंदा पहिल्यांदाच परदेशातून थेट माल मागवतोय, न्हावा शेव्याला उतरेल. पुरवठादाराच्या यादीत बहुतेक ओळींपुढे एकच शब्द आहे, 'किचनवेअर'. कस्टमचं काम बघणारा एजंट म्हणतो, असं चालायचं नाही, वस्तू काय आहे ते एकेक लिहून द्या. यादी दुकानातली माणसं मराठीत करणार, मग ती मी पुढे देणार. तर 'किचनवेअर'ला मराठीत नेमकं काय म्हणावं? 'स्वयंपाकाची भांडी' पुरेल का?

उरणहून उत्तर

दादा, 'किचनवेअर'ला एक शब्द शोधत बसू नका, कारण शुल्कसारणीत, म्हणजे कुठल्या वस्तूवर किती आयात शुल्क ते सांगणाऱ्या सरकारी यादीत, त्या नावाचं एक घर नाहीच. सीमाशुल्क सारणी कायदा १९७५ सालचा, आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्वयंपाकघर अनेक प्रकरणांत विखुरलेलं आहे. आठ अंकी संकेतांकातले पहिले सहा अंक जागतिक पद्धतीचे, शेवटचे दोन आपल्या देशाचे. पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण, चार मिळून शीर्षक. बोलताना आम्ही सगळे 'हेडिंग'च म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा, कुणी अडणार नाही.

भांड्यांच्या बाबतीत ही सारणी आधी विचारते, कशाचं बनलंय? लोखंड-पोलादाची भांडी ७३२३ मध्ये, तांब्याची ७४१८, अॅल्युमिनियमची ७६१५, काचेची ७०१३, प्लास्टिकची ३९२४, लाकडाची ४४१९. आपण घरात उलटं बोलतो. टोप, पातेलं, लंगडी, कढई ही नावं आकारावरून आणि कामावरून आली आहेत, धातूवरून नाही. त्यामुळे 'टोप, २०० नग' एवढंच लिहिलंत तर कागद पुढे सरकणार नाही.

पण धातूची नावं मराठीत नाहीत असं मुळीच नाही, आणि मला सांगायचंय ते हेच. कोकणात घावण्यांना आणि आंबोळ्यांना लागतो तो बिडाचा तवा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. सारणीत ओतीव लोखंडाच्या भांड्यांचं उपशीर्षक वेगळं आहे: एनॅमल नसेल तर ७३२३ ९१, एनॅमल असेल तर ७३२३ ९२. स्टेनलेस स्टील ७३२३ ९३ मध्ये. पत्र्याचा साधा लोखंडी तवा यांपैकी कशातच नाही, तो 'इतर'मध्ये, ७३२३ ९९. जो फरक आपल्या आज्या एका शब्दात करत आल्या तोच सारणी करते. म्हणून तुमच्या माणसांना सांगा, 'लोखंडी' हा मोघम शब्द नको. 'बिडाचा' किंवा 'पत्र्याचा' असं लिहा.

आता एक शब्द मात्र टाळाच: 'जर्मन'. आपल्याकडे जर्मनचा टोप म्हणजे अॅल्युमिनियमचा टोप, कुणालाही विचारा. पण जर्मन सिल्व्हर हा धातू वेगळा, तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्याचं भांडं ७४१८ मध्ये जातं, अॅल्युमिनियमचं ७६१५ मध्ये. यादीत 'जर्मन' आलं की वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ लागू शकतात. तिथे सरळ 'अॅल्युमिनियम' लिहा. 'निर्लेप तवा' हेही अर्धवट वर्णन आहे. आतलं अस्तर कसलं यापेक्षा तवा अॅल्युमिनियमचा की लोखंडाचा, ते आधी हवं.

पितळेला आणि काशाला स्वतंत्र शीर्षक नाही. दोन्ही तांब्याचे मिश्रधातू, त्यामुळे दोन्ही ७४१८. कल्हई केलेलं तांब्याचं भांडं तांब्याचंच राहतं. तांब्याच्या बुडाचा स्टीलचा टोप असेल तर ज्या धातूचं वजन जास्त त्याचं ते भांडं, अशी सारणीतल्या धातूंच्या विभागाची टीप आहे. म्हणजे बहुतेक वेळा स्टीलचं. 'तांब्याचा टोप' असं नाव देऊन विकायचं असेल तर दुकानात द्या, आयातीच्या यादीत नको.

'चिनीमाती' या शब्दापाशी जरा जास्त थांबायला हवं. लोणच्याची बरणीही आपल्याला चिनीमातीची आणि पाहुण्यांसाठी काढायची पातळ कपबशीही चिनीमातीचीच. सारणीत पोर्सेलिनची, म्हणजे त्या पातळ कपबशीसारखी, भांडी ६९११ मध्ये आणि पोर्सेलिन नसलेली सिरॅमिकची, म्हणजे बरणीसारखी जाड स्टोनवेअरची, ६९१२ मध्ये. पुरवठादाराकडून 'पोर्सेलिन की स्टोनवेअर' हे लेखी मागवून घ्या. यात पैसा गुंतलेला असतो. २०१८ साली चीनहून येणाऱ्या सिरॅमिकच्या जेवणाच्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यांवर किलोमागे १.०४ डॉलर डंपिंगविरोधी शुल्क (परदेशातून फार स्वस्तात येणाऱ्या मालावरचं जादा शुल्क) लागलं होतं, आणि त्यातून सुऱ्या वगळल्या होत्या. भांड्यांवरच्या शुल्कात सुऱ्यांचा उल्लेख कशाला, असं वाटेल. पण ८२ व्या, म्हणजे हत्यारं आणि सुऱ्या-चमच्यांच्या प्रकरणात सुरी बसायची तर तिचं पातं धातूचं किंवा त्या प्रकरणाच्या टिपेत दिलेल्या अशाच कठीण द्रव्याचं असावं लागतं. सिरॅमिकचं पातं त्या टिपेत बसत नाही, म्हणून ती सुरी कपबशांच्या प्रकरणात येते. तेव्हा यादीत नुसतं 'सुरी' नको, पातं कशाचं ते लिहा.

मालवणहून

आमच्याकडे आडाळो तो आडाळोच. खोबरा खवूचा आसात तरी तोच, मासे कापूचे आसले तरी तोच. मगे ह्येका भांडा म्हणूचा काय हत्यार? आणि दादांच्या मालात नारळ खवायचं हँडलचं यंत्र असेल तर ते कुठे जाईल?

उरणहून उत्तर

ताई, फार चांगला प्रश्न. विळीला, म्हणजे तुमच्या आडाळ्याला, भांडं म्हणता येणार नाही, कारण तिचं काम पात्याने होतं. तिथे ८२ वं प्रकरण बघायचं, आणि त्यात पात्याचा धातू महत्त्वाचा, खालचा लाकडी पाट नव्हे. यादीत लिहायचं ते असं: 'लाकडी पाटावर बसवलेलं पोलादी पातं, टोकाला नारळ खवायची खवणी'. हे वर्णन कुठल्याही एका शब्दापेक्षा कामाचं.

टेबलाला स्क्रूने आवळायचं, हँडल फिरवून नारळ खवायचं यंत्र वेगळं. हाताने चालणारी, १० किलोपर्यंत वजनाची, अन्न तयार करायची यांत्रिक उपकरणं ८२१० मध्ये आहेत. 'यांत्रिक' कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: फिरवायचा दांडा, दातेरी चाकं, स्क्रूसारखी रचना असं काही हवं. म्हणून दांड्याचं पुरणयंत्र ८२१०, पण साधी किसणी ८२०५, घरगुती हत्यारांत. डाव, झारा, चमचे ८२१५. हाताने धरायची चाळण तर पार ९६०४ मध्ये. मोटर लागली की मिक्सर ८५०९. 'किटली' या एका शब्दाची तीच गत: चुलीवरची स्टीलची किटली ७३२३, विजेची ८५१६. आणि थर्मास ९६१७.

तेव्हा यादीत तीन रकाने करा: कशाचं, काय काम करतं, कशावर चालतं. मराठी नाव चौथ्या रकान्यात, तुमच्या भागात जे म्हणतात ते.

रत्नागिरीहून

'सेट' आणि 'संच' यात काही फरक करावा का? पोर्सेलिनची किटली, कप आणि खाली बांबूचा ट्रे असं एका खोक्यात येतं.

उरणहून उत्तर

मराठीत फरक नाही, सारणीत मात्र 'सेट'ला अट आहे. वस्तू निरनिराळ्या शीर्षकांतल्या असाव्यात, एकाच गरजेसाठी एकत्र ठेवलेल्या असाव्यात आणि पुन्हा न बांधता थेट गिऱ्हाइकाला विकता येतील अशा खोक्यात असाव्यात. मग ज्या वस्तूमुळे त्या संचाला त्याचं रूप येतं तिच्या शीर्षकात सगळा संच जातो. तुमच्या उदाहरणात चहा पोर्सेलिनमधून प्यायचा, म्हणून ६९११, बांबूचा ट्रे त्याच्यासोबत. पण ट्रे वेगळ्या कार्टनमध्ये आले आणि खोकी तुम्ही दुकानात भरणार असाल तर तो संच नव्हे. ट्रे ४४१९ मध्ये वेगळा लिहा.

चिपळूणच्या दादांना आणखी एक. स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना २०२४ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं आहे. स्टीलला आयएस १४७५६, अॅल्युमिनियमला आयएस १६६०. माल जहाजावर चढण्याआधी पुरवठादाराकडे त्याचा परवाना आहे का ते विचारा, आणि एजंटला यादीबरोबर प्रत्येक वस्तूचा फोटोही द्या.

चिपळूणहून

आभारी आहे. 'जर्मन' आजच यादीतून काढला. बिडाच्या तव्यांची ओळ वेगळी केली.