मदत हवी आहे : ‘फ्रेल्टी’ला मराठीत काय म्हणावे?

कोरा_कागद

ज्येष्ठ रुग्णांच्या घरच्यांसाठी असलेल्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करायचा आहे. गाडी ‘फ्रेल्टी’ या शब्दावर अडली आहे. कोशात अशक्तपणा, दुर्बलता, नाजूकपणा, मोहवशता असे चार दिशांना जाणारे अर्थ मिळतात, आणि पत्रकात तो तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आला आहे.

१. मुख्य मजकुरात फ्रेल्टीच्या पाच खुणा दिल्या आहेत. त्यांतली एक ‘वीकनेस’. दोन्हींना अशक्तपणा म्हटले की वाक्य होते, ‘अशक्तपणाची एक खूण म्हणजे अशक्तपणा’.
२. प्रस्तावनेत ‘ह्यूमन फ्रेल्टी’ : काळजी घेणारा कधी चिडतो, कंटाळतो, त्या संदर्भात.
३. परिशिष्टात ‘गॅमा फ्रेल्टी मॉडेल’.

तिन्हीकडे एकच शब्द चालेल का? मजकूर रुग्णाच्या सुनेला, मुलाला एका वाचनात कळायला हवा.

जरावैद्यक

एकच शब्द चालणार नाही. पहिल्या जागेचे सांगतो, कारण तिथे चुकलात तर वाचणारा चुकीचा निर्णय घेईल.

वैद्यकात फ्रेल्टी म्हणजे शरीराची राखीव ताकद आटलेली अवस्था. एरवी माणूस चालता-फिरता असतो, पण साधा ताप, जुलाब किंवा एखादी नवी गोळी एवढ्यानेही अंथरुणाला खिळतो आणि पूर्ववत व्हायला फार वेळ घेतो. हे वार्धक्य नव्हे (नव्वदीतले ठणठणीत लोक असतात) आणि अपंगत्वही नव्हे. तुमच्या पत्रकातल्या पाच खुणा लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेल्या दिसतात :

– वजन : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा मूळ वजनाच्या ५ टक्के घट. म्हणजे ६० किलोच्या बाईंचे ३ किलो उतरले तरी खूण लागू.
– थकवा : ‘प्रत्येक काम रेटून करावे लागते’ किंवा ‘कशालाच सुरुवात होत नाही’ असे आठवड्यातले तीन किंवा अधिक दिवस वाटणे.
– वीकनेस : इथे याचा अर्थ फक्त मुठीचा जोर. तो डायनॅमोमीटर दाबायला लावून किलोमध्ये मोजतात. स्त्री की पुरुष आणि उंचीच्या मानाने वजन किती, हे पाहून त्या गटातल्या सर्वांत कमी २० टक्क्यांत आकडा आला तर खूण लागू.
– चाल : १५ फूट अंतर नेहमीच्या चालीने. १७३ सेंमीपर्यंत उंचीच्या पुरुषाला आणि १५९ सेंमीपर्यंत उंचीच्या स्त्रीला ७ सेकंद किंवा जास्त लागले तर मंद. त्याहून उंच असल्यास हीच मर्यादा ६ सेकंद.
– हालचाल : आठवड्याभरात कामात आणि व्यायामात खर्च होणारी ऊर्जा फार कमी असणे.

तीन किंवा जास्त खुणा असल्या तर फ्रेल, एक-दोन असल्या तर प्री-फ्रेल.

तेव्हा तुमचा पेच फ्रेल्टीचा जेवढा आहे तेवढाच वीकनेसचाही आहे. मराठीत ‘अशक्तपणा’ भलताच ऐसपैस शब्द आहे. रक्त कमी असले, चक्कर आली, ताप उतरल्यावर गळल्यासारखे वाटले, झोप झाली नाही, सगळ्याला अशक्तपणाच. म्हणून या यादीत तो वापरूच नका. वीकनेसला ‘मुठीचा जोर कमी होणे’, एक्झॉशनला ‘थकवा’. एवढे केले की निम्मा गुंता सुटतो.

तिरकस

मग फ्रेल्टीला सरळ ‘नाजूक अवस्था’ म्हणा की. कानाला बरे वाटते.

जरावैद्यक

नको. मराठीत ‘प्रकृती नाजूक आहे’ याचा अर्थ रुग्ण अतिदक्षता विभागात आहे असा होतो. बातम्यांनी तो पक्का करून टाकला आहे. पत्रक वाचून लोक गावाकडच्या नातेवाइकांना बोलावून घेतील.

‘जर्जर’ही टाळा. रोगजर्जर, जराजर्जर म्हटले की आता काही उरले नाही असे वाटते, आणि फ्रेल्टीबाबत नेमके उलटे सांगायचे असते. वजन उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम, जेवणात पुरेशी प्रथिने आणि अनावश्यक गोळ्यांची छाटणी यांनी ती काही प्रमाणात मागे फिरते, विशेषतः प्री-फ्रेल टप्प्यात. शिवाय ‘जर्जरपूर्व’ हा शब्द कोण वाचणार? ‘दुर्बल’ म्हटले की ‘आर्थिक दुर्बल घटक’ आठवतो.

माझे मत : ‘क्षीणावस्था’. प्री-फ्रेलला ‘क्षीणतेची सुरुवात’. पहिल्या वेळी ‘डॉक्टर जिला फ्रेल्टी म्हणतात ती क्षीणावस्था’ असे लिहा, कारण घरच्यांच्या कानावर दवाखान्यात फ्रेल्टीच पडणार आहे. नंतर नुसते क्षीणावस्था.

शब्दवेल्हाळ

दुसऱ्या जागेविषयी. हा अर्थ वैद्यकातल्या अर्थापेक्षा कितीतरी जुना. लॅटिनमध्ये तोडणे या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यापासून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. फ्रॅजाइल आणि आपल्या घरोघरी पोचलेला फ्रॅक्चर हे त्याचेच भाऊबंद. इंग्रजीत चौदाव्या शतकात तो आला तो मनाच्या कच्चेपणासाठी : मोहाला बळी पडणे, निश्चय न टिकणे. हॅम्लेट पहिल्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशात ‘फ्रेल्टी, दाय नेम इज वुमन’ म्हणतो तेव्हा आईच्या प्रकृतीची चौकशी करत नसतो. नवरा जाऊन दोन महिनेही झाले नाहीत तोच तिने दिराशी लग्न केले, हा त्याचा राग आहे. तिथे अशक्तपणा लिहिणाऱ्या अनुवादकाला नाटक कळलेले नाही.

या अर्थाला मराठीत नेमका शब्द आहे : स्खलनशीलता. ‘माणूस स्खलनशील आहे’ हे वाक्य आपण सर्रास लिहितो. पण तुमच्या प्रस्तावनेसाठी तो जड आहे आणि त्याला नीतीचा वास येतो. थकून चिडलेल्या सुनेला स्खलनशील म्हणणे क्रूरपणाच. तिथे नाम सोडून क्रियापद घ्या : ‘माणूस आहे, कधी चिडणार, कधी कंटाळणार.’

वापरातली एक खूण लक्षात ठेवा. शब्द अनेकवचनात, ‘फ्रेल्टीज’ असा आला तर बहुतेक वेळा स्वभावातल्या उणिवा. एकवचनात, वयाच्या किंवा आजाराच्या संदर्भात आला तर शरीर. आणि फ्रेल बहुधा माणसाला, फ्रॅजाइल बहुधा काचेला, हाडाला, शस्त्रसंधीला. आजीला फ्रॅजाइल म्हटले तर चुकत नाही, पण पार्सलला फ्रेल कोणी म्हणत नाही.

तिरकस

म्हणजे फ्रेल आजी आपल्याकडची ‘तोळामासा प्रकृती’?

शब्दवेल्हाळ

बोलण्यात अगदी तीच. पत्रकात नको, कारण तोळामासा प्रकृती जन्मापासूनही असू शकते.

गणिती_मांजर

तिसऱ्या जागेचा आजाराशी थेट संबंध नाही. जगण्याचा कालावधी मोजणाऱ्या संख्याशास्त्रात व्हॉपेल, मँटन आणि स्टॅलर्ड यांनी १९७९ साली हा शब्द आणला. दोन माणसांचे वय, लिंग, आजार सगळे सारखे असूनही एकाचा धोका जास्त निघतो. न मोजलेल्या कारणांमुळे येणारा हा फरक एका गुणकाने दाखवतात, तो गुणक म्हणजे फ्रेल्टी. त्याची सरासरी १ धरतात : १.५ असेल तर धोका दीडपट, ०.५ असेल तर निम्मा. गॅमा हे त्या गुणकाच्या वितरणाचे नाव. जास्त गुणकाचे लोक आधी गळत जातात, त्यामुळे उरलेला गट काळाबरोबर वाटतो त्याहून काटक होत जातो. हा परिणाम हिशेबात धरण्यासाठीच हे मॉडेल.

‘सुप्त धोका-गुणक’ लिहा. पण खरे सांगायचे तर घरच्यांच्या पत्रकात हे परिशिष्ट कशाला? संपादकांना विचारून गाळा.

कोरा_कागद

परिशिष्ट गाळायला परवानगी मिळाली. पहिल्या परिच्छेदाचा मसुदा असा :

‘डॉक्टर जिला फ्रेल्टी म्हणतात ती क्षीणावस्था म्हणजे म्हातारपण नव्हे. शरीराची राखीव ताकद कमी झाल्यामुळे लहानसा आजारही मोठा ठरतो. पुढच्या पाचपैकी तीन खुणा दिसल्या, तर तुमचे रुग्ण क्षीणावस्थेत आहेत.’

शिवाय पुढे १ ते ९ अशी एक मोजपट्टी आहे, तिच्यात ५ला ‘माइल्ड’ म्हटले आहे. ‘किंचित क्षीण’ चालेल?

जरावैद्यक

शेवटचे वाक्य बदला : ‘तीन खुणा दिसल्या, तर डॉक्टरांना दाखवा.’ मुठीचा जोर घरी मोजता येत नाही, त्यामुळे निदान घरच्यांवर टाकू नका.

मोजपट्टी वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर रॉकवुड यांची असणार. ‘किंचित’ नको, ‘सौम्य’ घ्या. त्या पातळीचा माणूस पैशाचे व्यवहार, प्रवास, जड घरकाम यांत दुसऱ्यावर अवलंबून असतो, ते किंचित नव्हे. आणि तिथे एक ओळ ठळक छापा : अंक आजच्या आजारपणातल्या अवस्थेवरून ठरवायचा नाही, आजार सुरू होण्याच्या साधारण दोन आठवडे आधी माणूस कसा होता त्यावरून ठरवायचा. न्यूमोनियाने झोपलेला कोणीही ७ किंवा ८ दिसतो.

शब्दवेल्हाळ

दोन तांत्रिक गोष्टी. मूळ फाइलमध्ये शब्द शोधताना स्पेलिंग तपासा : एल आणि टीच्या मध्ये आय नाही, पण पुष्कळ जण तो घालतात, त्यामुळे दोन्ही रूपे शोधा. आणि यंत्राकडून कच्चा अनुवाद करून घेतला असेल तर ‘फ्राइड’ हे आडनाव कुठे ‘तळलेले निकष’ झाले आहे का, तेवढे बघून घ्या.