पेशंट एकच, पण डॉक्टर आणि काउन्सेलर एकमेकांशी बोलतच नाहीत

सांगलीची काउन्सेलर: एक मुलगा सेशनला यायचा तो सारखा जांभया द्यायचा, डोळे मिटायचा. मी नोट्समध्ये लिहून टाकलं, 'विषय टाळतोय'. तीन आठवड्यांनी त्याची आई सहज बोलून गेली की डॉक्टरांनी क्वेटियापिनचा (मानसिक आजारावरचं, झोप आणणारं औषध) डोस वाढवलाय, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. डॉक्टरांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'सर ओपीडीत आहेत'. तुम्ही कसं जमवता हे? आणि परस्पर बोललं तर गोपनीयतेचं काय?

ओपीडीतला सर: ताई, मी सायकियाट्रिस्टच आहे, रिसेप्शनिस्ट खोटं बोलत नाही हो :) तीन-तीन पानी रिपोर्ट येतात, बालपणापासून सुरू, खरं सांगतो वाचून होत नाहीत. पाचच ओळी लिहा आणि पहिल्या ओळीत प्रश्न, "सेशनमध्ये झोपतोय, गोळीची वेळ बदलता येईल का?" फाइललाच टाचून द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 23 खाली उपचारापुरती माहिती दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला देता येते, पण काउन्सेलर त्यात बसतो का यावर वाद होऊ शकतो, म्हणून मी पेशंटची लेखी संमती घेऊनच ठेवतो.

तालुक्याचा सोशल वर्कर: आम्ही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, कागदावर टीम पूर्ण असते, पोस्ट मात्र एखादी रिकामी असतेच. एका बाईंचा त्रास वाढला म्हणून डोस वाढवायचं चाललेलं, मी घरी गेलो तर गोळ्यांचं पाकीट तसंच्या तसं! सोयाबीन काढणीला पहाटे निघायचं, गुंगी राहते म्हणून रात्रीची गोळी बंद. मीटिंगमध्ये सांगायला गेलो तर 'तुझं शेवटी घेऊ', आणि मग नंबरच आला नाही. आता नर्सबाईंनी पायंडा पाडलाय, घरी जाऊन आलेला माणूस पहिला बोलणार.

मोठी बहीण: भाऊ लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) आहे. काउन्सेलर म्हणाल्या गोळ्यांवर अवलंबून राहू नका, डॉक्टर म्हणाले मनाने एकही गोळी बंद करायची नाही, आई म्हणते ऐकू तरी कुणाचं. शेवटी मी दोनशेपानी वही केली, रक्तातली लिथियमची लेव्हल, झोपेचे तास, सेशनमध्ये काय ठरलं, सगळं तिच्यात. दोघंही वाचतात, लिहीत मात्र कुणीच नाही, मीच लिहिते.

सांगलीची काउन्सेलर: सर, पाच ओळी लिहायला बसले, सतरा झाल्या. पण गोळीची वेळ पहिल्याच ओळीत विचारलीय. आणि ताई, उद्या त्या जांभया देणाऱ्या मुलाच्या आईला वही आणायला सांगते, पहिलं पान मी लिहीन.